पुण्याचे पाणी आणि केडगावचा हिशेब



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा प्रारंभ केला, त्या वेळी पुण्याच्या नैर्ऋत्येस खडकवासल्याच्या धरणाचे काम चालू होते. एका व्यवस्थेने लोकांपर्यंत विचार न्यावयाचा आणि दुसरीने पाणी, असा तो काळ होता. आज दोन्ही केडगावापर्यंत पोचल्या आहेत. त्यांपैकी व्याख्यानांची आवर्तने वेळेवर येतात हे मी पाहतोच आहे. पाण्याची येतात की नाही हे तुम्ही मला सांगावयाचे आहे.

आजचा माझा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. संगणक, मीटर आणि दूरमापनाची यंत्रे यांच्या साह्याने शहरे आपला निसर्गावरील भार कसा हलका करू शकतील, हा विषय पुण्याच्या एखाद्या सभागृहात शोभला असता. तो केडगावात कशासाठी? माझे उत्तर असे की, शहराचा हिशेब खरा की खोटा हे शहरात बसून कळत नाही. ते कळते शहराचे पाणी जेथे येऊन संपते तेथे. तुमच्या या भागात पुण्याकडून दोन प्रवाह येतात. एक कालव्याचा, तो पुण्याने घेऊन उरलेले पाणी आणतो. दुसरा मुळा-मुठेचा, तो पुण्याने वापरून टाकलेले पाणी आणतो. राहूच्या शिवारावरून ती नदी पुढे जाते आणि शिरूर तालुक्यातील रांजणगाव सांडसजवळ भीमेस मिळते. म्हणजे पुण्याच्या जमाखर्चाची दोन्ही पाने तुमच्या दारात उघडी पडलेली आहेत. ती वाचावयाची कशी, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम थोडे मागे जाऊ. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून जमिनीखालून नळ बांधून पुण्यात पाणी आणले. वाटेत जागोजाग उंच उच्छ्वास उभारले. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे. हे पाणी पेठांतील हौदांत पडे आणि लोक तेथून भरून नेत. या योजनेत मीटर नव्हता, नोंदवही नव्हती. तथापि एक गोष्ट होती, ती आपण पुढे हरवून बसलो. हौदाची पातळी सर्वांना दिसत असे. पाणी दोन पायऱ्या खाली गेले की पाणी भरणारा गडी आणि वाड्यातील यजमान या दोघांनाही एकाच क्षणी ते कळे. माहिती कोणाच्या मालकीची नव्हती. हौद हाच मीटर होता आणि तो चव्हाट्यावर होता.

खडकवासल्याचे धरण १८७९ साली पूर्ण झाले. फाईफ या अभियंत्याच्या नावावरून त्या जलाशयास तेव्हा लेक फाईफ म्हणत. पुणे शहर, लष्कराच्या छावण्या आणि पूर्वेकडील दुष्काळी टापू या तिघांची तहान भागविण्याचे काम या एका धरणावर सोपविलेले होते. त्याचा उजवा कालवा हडपसर, मांजरीवरून याच दिशेने निघाला. येथूनच पाण्याची मोजणी सरकारच्या हाती गेली. धरणाच्या भिंतीवर पट्टी आली, कालव्याच्या दारावर माणूस आला, आणि शेतकऱ्याच्या हाती आला मागणीचा अर्ज. त्या अर्जाचे नाव तुमच्याकडे आजही ‘सात नंबर’ असेच आहे.

या मोजणीतील व्यंग प्रथम ज्यांनी ओळखले त्यांत जोतीराव फुले होते. ते बांधकामांची कंत्राटे घेत असत आणि कालव्याच्या पट्ट्यात मांजरीस त्यांची शेती होती. त्यामुळे पाणीपट्टी आकारणारा आणि ती भरणारा या दोघांच्याही बाजू त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी अशी सूचना केली की, शेतकऱ्याच्या जमिनीच्या मानाने पाण्याला तोट्या बसवाव्यात, म्हणजे ज्याला जितके हवे तितके मिळेल, कोणाला जास्त जाणार नाही, आणि दिलेल्या पाण्याचेच पैसे घेतले जातील. ही सूचना ऐकावयास साधी आहे. परंतु तिच्यात एक तत्त्व आहे. मोजणी केवळ पट्टी वसूल करणाऱ्यासाठी नाही. ती घेणाऱ्याच्या संरक्षणासाठीही आहे. आजच्या शहरी मीटरांच्या चर्चेत ही दुसरी बाजू फारशी निघत नाही.

पुढचा टप्पा विश्वेश्वरय्यांचा. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असताना त्यांनी १८९९ च्या सुमारास नीरा कालव्यावर ‘ब्लॉक’ पद्धत आणली. क्षेत्र आणि पिके आधी ठरवून पाणी वाटावयाचे, म्हणजे ते अधिक गावांत पोचते आणि जमिनी खारावत नाहीत, असा तिचा आशय. १९०३ साली खडकवासल्याच्या सांडव्यावर त्यांनी आपोआप उघडणारी दारे बसविली. पाणी ठराविक उंचीच्या वर चढले की दार स्वतःच उघडावे आणि पूर ओसरला की मिटावे, अशी ती रचना होती. बुद्धिमान यंत्राची आज मोठी वाहवा होते; हे दारही त्याच जातीचे होते. पातळीची वार्ता घ्यावयाची आणि तीवर कृती करावयाची, एवढेच ते यंत्र करी. विजेची तार नव्हती, संगणक नव्हता. वजन आणि तरंग यांवर काम चाले. १९१६ साली मुंबई सरकारने सुरू केलेली जलसंशोधनाची शाखाही पुढे खडकवासल्यासच स्थिरावली. म्हणजे पुणे शहर आपले पाणी मोजावयास शिकण्याच्या कितीतरी आधी धरणाचे अभियंते ते शिकले होते.

आता तुमच्या गावाकडे येतो. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून अनाथ मुली आणि विधवा यांना आधार देऊन केडगावी आणले. मुक्तिसदनाचा पसारा लवकरच सुमारे दोन हजार माणसांपर्यंत वाढला. कालव्याच्या भरवशावर एवढ्या माणसांचा संसार चालत नाही. त्यांनी विहिरी खणल्या, बागा लावल्या. एवढे पाणी, एवढी माणसे, एवढी झाडे हा मेळ तेथे रोज घालावा लागत असणार, कारण तो चुकला तर दुसऱ्या दिवशी हंडा रिकामा निघणार. छोट्या वस्तीला हिशेबाची शिस्त विहिरीचा दोरच लावतो. मोठ्या शहराचे तसे नाही. त्याचा दोर धरणापर्यंत लांब असतो. तो किती उलगडला हे नळाखाली कळशी ठेवणाऱ्याला दिसत नाही.

ते अज्ञान किती घातक ठरते हे पुण्याने १२ जुलै १९६१ रोजी अनुभविले. त्या दिवशी पानशेतचे नवे धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचा जुना बांधही फुटला, आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. धरणावर काय चालले आहे याची पक्की वार्ता बहुतेक पुणेकरांना पाण्यानेच आणून दिली. पुढे दोन्ही धरणे पुन्हा उभी राहिली, वरसगाव आणि टेमघर यांची भर पडली, आणि चारही धरणांची मिळून साठवण सुमारे २९ अब्ज घनफूट झाली. नवा उजवा कालवा २०२ किलोमीटर लांबीचा. हवेली, दौंड आणि इंदापूर या तालुक्यांना पाणी द्यावे यासाठी तो काढलेला.

पण साठवण स्थिर राहिली आणि शहर वाढत गेले. २०११ च्या शिरगणतीत पुणे महापालिकेच्या हद्दीत ३१ लाख २४ हजार माणसे होती. त्यानंतर २०१७ आणि २०२१ साली आणखी गावे हद्दीत आली. शहर आणि पाटबंधारे खाते यांच्यातील करारात वर्षाला ११.५ अब्ज घनफूट पाणी शहराला, आणि त्याच्या बदल्यात शहराने ६.५ अब्ज घनफूट सांडपाणी शुद्ध करून शेतीला परत करावे, असे ठरले. प्रत्यक्षात अलीकडच्या वर्षांत शहराने धरणांतून १८ अब्ज घनफुटांहून अधिक पाणी उचलले आहे.

हा आकडा किती मोठा आहे याची कल्पना यावी म्हणून आपण एक शाळकरी गणित करू. एक अब्ज घनफूट म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी पुरे, असे सरकारी मान आहे. म्हणजे वर्षाला ४९ हजार लिटरांच्या थोडे वर. या मानाने १८ अब्ज घनफूट पाणी एक कोटीहून अधिक माणसांना पुरावयास हवे. कारखाने, रुग्णालये, वसतिगृहे, रोज ये-जा करणारे लोक, सारे धरले तरी पुण्याची वस्ती तेवढी नाही. मग पाणी जाते कोठे? त्यातला तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग गळतीत आणि बेहिशेबी वापरात जातो, ही महापालिकेचीच कबुली आहे. उरलेल्यात कोण किती वापरतो हे पुण्याला आजवर नीट ठाऊकच नव्हते, कारण घरगुती पाण्याची पट्टी मिळकतकराबरोबर ठोक घेतली जात असे. ज्याच्या घरी दोन हंडे येतात तो आणि ज्याची मोटार रोज पाइपाने धुतली जाते तो, दोघेही वहीत सारखेच.

येथे माहिती-तंत्राचा प्रवेश होतो. पुण्याला ही विद्या नवी नाही. १९८८ साली सुरू झालेल्या सी-डॅक संस्थेने १९९१ मध्ये ‘परम’ हा महासंगणक पुण्यात बांधला. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राच्या स्मार्ट शहरांच्या पहिल्या यादीत पुणे दुसरे आले. जून २०१७ मध्ये महापालिकेने मुंबईच्या शेअर बाजारात रोखे विकून २०० कोटी रुपये उभे केले, ते अखंड पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी. या योजनेत ऐंशीच्या वर टाक्या, नव्या नळांचे जाळे आणि सुमारे तीन लाख मीटर धरलेले होते. या मीटरांचे आकडे बिनतारी पद्धतीने वाचता येतात. दारोदार माणूस फिरवावा लागत नाही. कामाची मुदत अनेकदा वाढली, मीटर बसविण्यास ठिकठिकाणी विरोधही झाला. परंतु कल्पना मुळात चांगली आहे, हे आपण टेलच्या लोकांनीही मान्य केले पाहिजे.

ती चांगली का, हे सांगतो. शहराचे लहान लहान विभाग पाडावयाचे, प्रत्येक विभागात शिरणारे पाणी एका मोठ्या मापकाने मोजावयाचे, आणि त्यातील सर्व घरांच्या मीटरांची बेरीज त्याच्याशी ताडून पाहावयाची. दोहोंतील फरक म्हणजे गळती आणि चोरी. पहाटे दोन ते चार या वेळेत शहर झोपलेले असते. त्या वेळी टाकीतून जे वाहते ते बहुतांशी जमिनीत मुरणारेच असते. घरोघर टाक्या रात्रीच भरत असल्या तर हे अनुमान चुकते, म्हणून अखंड पुरवठा आणि मीटर यांची सांगड घालावी लागते. नळ कोणत्या गल्लीत फुटला आहे हे मग रस्ता न खणता ओळखता येते. यातून वाचलेला प्रत्येक थेंब नव्या धरणावाचून मिळालेला थेंब आहे. त्यासाठी कोणाची जमीन बुडवावी लागत नाही.

परंतु इतिहासाचा विद्यार्थी येथे एक शंका काढील. वाचलेले पाणी जाणार कोठे? शहराच्या वहीत ‘बचत’ अशी नोंद होईल आणि त्याच आठवड्यात नव्या इमारतींच्या नळांना ते जोडले जाईल. मग शहर काटकसरी ठरेल आणि तुमचे उन्हाळी आवर्तन पूर्वीइतकेच उशिरा येईल. मीटर पाणी वाचवितो, पण ते कोणाला द्यावयाचे हे तो ठरवीत नाही. ते करार ठरवितो. आणि करार पाळला जातो की नाही हे पाहणारा मीटर शहराच्या नळावर बसवून भागत नाही, तो कालव्याच्या टेलला असावा लागतो. पाण्याच्या हक्कांचा निवाडा करण्यासाठी महाराष्ट्राने २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापिले. पुण्याच्या वापराचा वाद त्याच्यापुढेही गेला. तेथे आकड्याला आकड्यानेच उत्तर द्यावे लागते. ‘आमच्याकडे पाणी येत नाही’ हे वाक्य कितीही खरे असले तरी निवाड्याच्या कामी येत नाही.

२७ सप्टेंबर २०१८ रोजी दांडेकर पुलाजवळ या कालव्याची भिंत फुटली आणि वस्तीत पाणी शिरले. त्यावर उंदीर, घुशी आणि खेकडे यांच्यावर खापर फोडण्यापर्यंत चर्चा गेली. मला त्यातून एवढेच दिसते की, ज्या शहराच्या पोटातून तुमचा कालवा जातो त्या शहराला तो आपला वाटत नाही. ज्याला आपण आपले म्हणत नाही त्याची देखरेखही होत नाही.

आता दुसरे पान, म्हणजे नदी. शहरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे अभियंते धरतात. पुण्यात शुद्धीकरण केंद्रांची क्षमता नेहमीच या सांडपाण्याच्या मागे राहिली. २०१६ साली जपानच्या अर्थसाह्याचा करार होऊन अकरा नव्या केंद्रांची योजना झाली, तीही रेंगाळली. मधल्या काळात मुंढव्यास जॅकवेल बांधून नदीतील पाणी उचलून जुन्या कालव्यात, ज्याला तुम्ही बेबी कालवा म्हणता त्यात, सोडण्याची व्यवस्था झाली. करारातील ६.५ अब्ज घनफूट परत करावयाचे ते याच वाटेने. कागदावर हा व्यवहार सुंदर आहे: शहराने पाणी वापरावे, धुवावे आणि शेताला द्यावे. परंतु घनफुटात घाण मोजली जात नाही. पाण्यातील मळ कुजविण्यास जंतूंना किती प्राणवायू लागतो, यावरून पाण्याची शुद्धता ठरते. तो आकडा वर गेला की मासे गुदमरतात, जलपर्णी माजते आणि विहिरींना वास येतो. परत दिलेल्या पाण्याचे केवळ आकारमान लिहिणारी वही अर्धीच वही होय.

हे मोजणे अशक्य आहे काय? मुळीच नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ पासून मोठ्या प्रदूषक उद्योगांना अहोरात्र मोजणारी यंत्रे बसविणे भाग पाडले. त्यांत साखर कारखाने आणि मद्यार्काचे कारखानेही आले. जो न्याय दौंड तालुक्यातील कारखान्याच्या नळकांड्याला, तोच पुण्यातील प्रत्येक नाल्याच्या तोंडाला का नसावा? सिंगापूरने २००३ साली सांडपाणी इतके शुद्ध करून दाखविले की ते पुन्हा पिण्याच्या साठ्यात मिसळू लागले. त्या बेटाला हे जमले, याचे एक कारण असे की त्याच्या खालच्या अंगाला दुसरा कोणी नाही. घाण ढकलावयाची कोणाकडे? पुण्याच्या खाली दौंड आहे, त्याच्या खाली उजनी. हे भाग्य की दुर्भाग्य, याचा विचार आपण सर्वांनी करावा.

मात्र दुसऱ्याची वही मागणाऱ्याने आपलीही उघडी ठेवली पाहिजे. पाटपाण्यावरच्या हेक्टरभर उसाला वर्षाकाठी दोन कोटी लिटरांच्या आसपास पाणी लागते. मघाच्या हिशेबाने ते चारशे शहरी माणसांचे वर्षाचे पाणी झाले. कालव्यावर रात्री पाइप टाकणारा हात पुण्याचा नसतो. अनेक शेतीपंपांना मीटर नाहीत, आणि साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज २०२४ पासून माफ झाली आहे. म्हणजे विहिरीतून किती उपसले याची एकमेव खूण जी विजेचे बिल, तीही पुसली गेली. गुऱ्हाळाच्या चुलीत चिपाडाऐवजी प्लॅस्टिक आणि जुनी पायताणे जळतात, तो धूर मोजावयास पुण्याहून कोणी येणार नाही. शहराने तेवढे मोजावे आणि गावाने मोघम राहावे, असा न्याय कोठेच टिकत नाही.

म्हणून माझे मागणे थोडे आहे. या भागातील चाऱ्यांच्या तोंडाशी आणि मुळा-मुठेच्या संगमाआधी एके ठिकाणी प्रवाह आणि शुद्धता मोजणारी यंत्रे असावीत. त्यांचे आकडे पुण्याच्या नियंत्रण कक्षात दिसतात त्याच क्षणी येथील ग्रामपंचायतीच्या फळ्यावरही दिसावेत. ती यंत्रे सरकार बसवील तेव्हा बसवील. तोपर्यंत एक काम आपल्या हातचे आहे. चारीला पट्टी लावा. शाळेच्या मुलांना आवर्तनाच्या दिवशी ती सकाळ-संध्याकाळ वाचावयास सांगा. पाणी कधी आले, किती दिवस चालले, नदीचा रंग कसा होता, हे एका वहीत तारखेनिशी लिहा. दहा वर्षांची अशी वही ज्या गावाकडे आहे, त्याला प्राधिकरणापुढे नुसते गाऱ्हाणे घेऊन जावे लागणार नाही.

कात्रजच्या हौदाची पातळी सर्वांना दिसत असे, हे मी प्रारंभी सांगितले. आजच्या यंत्रांना तेवढेच करावयाचे आहे; फक्त त्यांचा हौद पानशेतपासून रांजणगाव सांडसपर्यंत लांब आहे. त्याच्या एका काठावर पुणे आपले हंडे भरते, दुसऱ्या काठावर तुम्ही उभे आहात. पातळी दोघांनाही दिसू लागली तर भांडण मिटेल असे मी म्हणत नाही. पण ते खऱ्या आकड्यांवर होईल.

येत्या आवर्तनाला वहीचे पहिले पान लिहिले जावे, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.